खरं युकुलेले

प्रिय डावऱ्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस, मी धडधाकट आहे. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक हे एवढं जाड पाकीट, म्हणजे म्हाताऱ्याला कुठल्यातरी कागदावर सही हवी असणार असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. मला एका वस्तूबद्दल तुझं मत हवंय. तू आता वाद्यं दुरुस्त करतोस असं मावशीकडून कळलं, तर म्हटलं घरातच जाणकार असताना दुकानदाराच्या तोंडाकडे कशाला बघायचं. प्रश्न साधा आहे. नावाजलेल्या कंपनीचं सोप्रानो युकुलेले खरोखर तेवढ्या किमतीचं असतं का? का आपण नुसतं नाव विकत घेतो?

हसू नकोस, पण मी एक घेतलंय. दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, मला सोप्रानो कंपनीचं दाखवा. काउंटरवरची मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने समजावलं, आजोबा, सोप्रानो ही कंपनी नाही हो, ते माप आहे, हे चार तारांचं गिटार आधीच छोटं, त्यातलं सगळ्यांत लहान माप. तू चार वर्षं माझ्या डोक्याशी ते टिंगटिंग वाजवत होतास आणि मला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. मग मी त्या कंपनीचं नाव घेतलं. कुठल्या, ते तुला सांगायला नको. मुलीचा चेहरा लगेच बदलला. तिने ते दोन्ही हातांनी आणलं आणि काउंटरवर आधी मऊ कापड अंथरलं.

गेले तीन आठवडे मी ते तपासतोय. तपासणं हे एकच काम मला येतं. एकतीस वर्षं छत्र्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसलो. छत्री दोनदा उघडायची, दोनदा मिटायची, काड्या मोजायच्या, कापड उजेडासमोर धरायचं, आणि पास झाली की तिच्या पट्ट्यावर नाव शिवायचं. तीच छत्री, तेच कापड, त्याच बाईने शिवलेलं. सकाळी तिच्यावर एका कंपनीचं नाव आणि दुपारी दुसरीचं, आणि दुपारची छत्री दुप्पट किमतीला. त्यामुळे घरात माझं एक वाक्य ठरून गेलं होतं, की नाव पट्ट्यावर असतं, पाऊस कापडावर पडतो. तू आणि तुझी आई माझ्या पाठीमागे ते वाक्य माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हणायचात. तुम्हाला वाटायचं मला ते माहीत नाही, म्हणून मीही कळू दिलं नाही.

तर मी दोन युकुलेले टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक नवीन आणि एक तुझं, जे तू जाताना इथेच टाकून गेलास आणि तुझ्या आईने खिळ्याला टांगून ठेवलंय. तुझ्या तारा डावरेपणामुळे उलट्या लावलेल्या, त्यामुळे मला त्यावर धड काही वाजवता येत नाही, पण छेडून बघायला काय हरकत आहे. तुझ्या वाद्याच्या खुंट्या निसटतात. सुरात लावून चहा ठेवला आणि उकळी येईपर्यंत सूर खाली बसलेला. नवीन वाद्य सकाळी लावलं तर दुसऱ्या सकाळी जागच्या जागी. मानेवरच्या बाराव्या पट्टीवर बोट ठेवलं की त्याच तारेचा वरचा सा यायला हवा, असं त्या मुलीने शिकवलं. नव्यावर येतो. तुझ्यावर जरा चढा येतो, कानात खडा गेल्यासारखा. पट्ट्यांची टोकं तुझ्या वाद्याला बोटात रुततात आणि नव्याची घासून गुळगुळीत केलेली आहेत. मात्र आवाज तुझ्याचा मोठा आहे. शेजारच्या शिंप्याला पाठ करून बसवलं आणि दोन्ही ऐकवली, तर त्या शहाण्याने तुझं उचललं. म्हणजे बघ, शंभरातल्या नव्वदांना फरक कळत नाही, आणि ज्या दहांना कळतो ते दुकानात गिऱ्हाईक म्हणून येत नाहीत. आत चिकटवलेल्या लेबलाबद्दल मी मुद्दाम लिहीत नाहीये. त्याबद्दल पुढे लिहीन.

आता तू विचारशील की सहासष्टाव्या वर्षी या माणसाला युकुलेले कशाला हवं. तर डावऱ्या, खुर्चीत असशील तर बसून राहा, उभा असशील तर बस. ते तुझ्या आईसाठी आहे. तुझ्या आईला साडेतीन महिन्यांपूर्वी झटका आला. मेंदूतला. बेडरूममधल्या कपाटाच्या वरच्या खणात काहीतरी शोधत होती आणि स्टुलावरून खाली आली. आता घरी आहे. उजव्या हाताला जोर नाही, पाय बराच सुधारलाय, धरलं की खिडकीपर्यंत चालते. तुला कळवलं नाही. मावशी तुला फोन करणार होती, मी तिच्या हातापाया पडलो आणि शपथ घातली. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे, पण माझं लिहिणं माझ्यासारखंच आहे, दाराशी येतं आणि घंटी न वाजवता परत जातं. मधे तुला तीनदा अनोळखी नंबरावरून फोन आले असतील आणि तू हॅलो म्हटल्यावर बंद झाले असतील. तो मीच.

सगळ्यांत वाईट झालं ते बोलण्याचं. तिचे शब्द गेले. हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर पंचवीस वर्षं बसलेली बाई, दिवसाला तीनशे माणसांशी बोलायची आणि तीनशेंतल्या प्रत्येकाला वाटायचं की आज हिने फक्त माझाच फोन घेतला. आठवतं, तू लहानपणी तापात असताना हॉस्पिटलला फोन लावून नुसतं तिचं ‘बोला’ ऐकायचास आणि ठेवायचास? तिला ओळखू यायचं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या मधे म्हणायची, बोला, दूध प्यायलात का. त्या बाईच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता. तो शब्द होता ‘खरं’.

तिला बोलतं करायला एक मॅडम येतात, मंगळवार आणि शुक्रवार. तरुण आहेत, हुशार आहेत. त्या म्हणाल्या, असं होतं काका, सगळा शब्दांचा डबा सांडतो आणि एखादा तळाला चिकटून राहतो. पाणी हवं असलं की ‘खरं’. उशी सरकव म्हणायचं असलं की ‘खरं’. माझ्यावर चिडली की ‘खरं! खरं!’, आणि त्यात ठसका इतका स्पष्ट असायचा की मी काय चुकलो ते मला बरोबर कळायचं. दिवसा मदतीला येणारी बाई तिला लाडाने खरंताई म्हणते. मॅडम खूश होत्या की बघा, काकू होकार देतायत, प्रतिसाद चांगला आहे. शेजारी म्हणाले, तुमच्या घरात जन्मभर ‘तुमचंच खरं’ चाललं, त्यातलं अर्धं राहिलं बिचारीचं. मीसुद्धा हसलो. आपल्या घरातला प्रत्येक वाद तिने त्याच दोन शब्दांनी मिटवला, हे काय लपलेलं आहे. तुमचंच खरं, म्हणजे वाद संपला, मान्य काही नाही. सगळे हसले की मी हसायचो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो. कारण तो शब्द कुठून आलाय हे या जगात मला एकट्याला माहीत होतं.

तीन आठवड्यांपूर्वी मॅडम म्हणाल्या, गाण्यातून कधीकधी शब्द परत येतात, घरात एखादं वाद्य आहे का, तिच्या ओळखीचं? मी खिळ्याकडे बघितलं नाही. मॅडमनीच बघितलं. त्यांनी ते काढून तुझ्या आईच्या मांडीवर ठेवलं. तिने काय करावं? तिने वाजवलं नाही, तारेला हातही लावला नाही. धडक्या डाव्या हाताचं बोट मधल्या भोकातून आत घातलं, लेबलावर टेकवलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘खरं. खरं. खरं.’ आणि रडायला लागली. मॅडमना वाटलं सुरुवात झाली. मी म्हणालो, मला जरा बाहेर जायचंय. तडक दुकानात गेलो आणि ते नवीन घेऊन आलो. त्यांच्याकडून तुझ्यासारख्या उलट्या तारासुद्धा लावून घेतल्या. पुढे तपासणीच्या नावाखाली त्याच दुकानात पुन्हा जाऊन त्या सुलट्या केल्या, आणि परवा पुन्हा उलट्या. ती मुलगी आता मला बघितलं की हातातलं काम खाली ठेवते.

चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार तुला आठवतो हे मला माहीत आहे, पण तू तो टेबलाच्या तुझ्या बाजूने बघितलास. ज्या कारागिराच्या हाताखाली काम मिळावं म्हणून तू सहा महिने खेटे घातलेस, त्याने सगळ्या मुलांना आपापलं वाद्य घेऊन बोलावलं होतं. तू सगळ्यांसमोर छाती काढून कंपनीचं नाव सांगितलंस, लाकूड सांगितलंस, आईने अठराव्या वाढदिवसाला घेतलं म्हणून सांगितलंस. त्याने भोकातून बॅटरी मारली आणि म्हणाला, लेबल उलटं आहे. ही कंपनी लेबल एकाच बाजूने लावते. मान डाव्या हाताला आली की अक्षरं सुलटी. उलटं लेबल तिथून आजवर बाहेर पडलेलं नाही. आणि मग ते वाक्य, जे तू घरी येऊन दातओठ खात सांगितलंस, की ज्याला स्वतःच्या मांडीवरचं नकली कळत नाही त्याला दुसऱ्याचं वाद्य कसं द्यायचं. तू एवढं अंतर चालत आला होतास. आई मटार सोलत होती. तू ते युकुलेले शेंगांच्या ढिगावर ठेवलंस आणि म्हणालास, खरं सांग, हे कुठून आणलंस.

ती आधी हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग म्हणाली, ‘खरं आहे रे ते. खरंच खरं आहे, मी स्वतः आणलंय.’ तू जे बोललास ते मी इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. एवढंच लिहितो की मावशीसमोर मिरवायला स्वस्तातलं आणून नाव सांगत फिरलीस, हे तिला फार लागलं. शिवी चालली असती. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, अहो, तुम्ही तरी सांगा. आणि मी, काडीपेटीपासून सरकारपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असलेला मी, म्हणालो, मला त्यातलं काय कळतं. आणि पेपरचं पान उलटलं. कुठलं पान होतं तेही सांगतो. हवामानाचं. दुसऱ्या दिवशी तू गेलास. जाताना तिच्या पाया पडला नाहीस, मागे वळून बघितलं नाहीस, आणि ती गॅलरीतून ओरडत होती, ‘खरं आहे रे!’ खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. तिने त्यांनाही सांगितलं.

आता जे लिहायला तीन पानं टाळाटाळ केली ते लिहितो. डावऱ्या, तिने आणलेलं खरंच होतं. तिने ते त्याच कंपनीचं, त्याच दुकानातून, रविवारच्या जादा पाळ्या करकरून घेतलं होतं. वाढदिवसाला आठवडा होता. गोधड्यांच्या मागे लपवलेलं मला सापडलं, वर बिल. किंमत बघून माझं डोकं फिरलं. ती ड्युटीवर असताना मी खोका काखेत मारला आणि दुकानात भांडायला गेलो. देवाशप्पथ, नुसतं भांडायला गेलो होतो. दुकानदार शांत माणूस. त्याने शेजारी एक बिननावाचं ठेवलं. तोच आकार, तोच रंग. मी दोन्ही टकटक वाजवून बघितली, उजेडासमोर धरली, काड्या मोजायची सवय म्हणून पट्ट्या मोजल्या. पट्ट्या सारख्या भरल्या. मी बिननावाचं पास केलं. खरं परत दिलं, बिल परत दिलं, आणि उरलेल्या पैशांत घरात कपडे धुण्याचं मशीन आलं. कारखान्याने बक्षीस दिलं असं मी तुझ्या आईला सांगितलं. ती मावशीला फोनवर म्हणाली, आमचे हे बोलत नाहीत, करून दाखवतात. ते मशीन अजून चालतं. मी हे लिहितोय तेव्हा बाथरूममध्ये फिरतंय आणि जिन्यापर्यंत हादरतंय.

लेबलाचं म्हणशील तर खऱ्यातलं दुकानातच कागदावर उतरवून घेतलं होतं. आमच्या कारखान्याच्या लेबलवाल्याने एक छापून दिलं, त्याने काही विचारलं नाही, आमच्याकडे कुणी कुणाला विचारायचं नाही. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं. छत्रीची एक काडी वाकवली, तिच्या टोकाला लेबल अडकवलं आणि भोकातून आत घालून चिकटवलं. चिकटवताना माझा हात थांबला. माझ्या मनात आलं, हा पोरगा डावरा. हा धरणार उलटं, मान उजवीकडे, म्हणजे वाजवताना खाली बघेल तर अक्षरं डोक्यावर उभी दिसणार. याला शाळेत बाक उलटा, कात्री उलटी, दाराच्या कड्यासुद्धा उलट्या. निदान एक वस्तू तरी याच्या बाजूने सुलटी असू दे. म्हणून मी लेबल फिरवलं. तू चार वर्षं वाजवलंस, तुला ते नेहमी सुलटंच दिसलं, मग तुला कसा संशय येणार? त्या सगळ्या हरामखोरीत मी एवढी एकच गोष्ट तुझ्या मायेपोटी केली, आणि पकडलं गेलं ते नेमकं त्यामुळेच.

तू गेल्यावर ती बिल शोधायला लागली. बिल सापडलं की पोराला पाठवते, मग त्याला कळेल. मी म्हणालो, ते दुकान केव्हाच बंद पडलं, तिथे जाऊन उपयोग नाही. दुकान जागच्या जागी आहे, नवीन मी तिथूनच आणलं. दर रविवारी ती एक खण उपसायची. विजेची बिलं, तुझी प्रगतिपुस्तकं, माझ्या चष्म्याच्या चिठ्ठ्या. चार वर्षं. आणि मी काय करायचो, तर ती पडू नये म्हणून स्टूल धरायचो. जे बिल मी माझ्या हाताने दुकानात दिलं ते ती शोधत होती आणि मी खाली स्टूल धरून उभा. त्या रविवारी मी केस कापायला गेलो होतो. आलो तर ती जमिनीवर, आजूबाजूला सगळे कागद. डॉक्टर म्हणाले, झटका आधी आला, मग पडली, स्टुलाचा काही दोष नाही. मी म्हणालो, हो. तोंड उघडलं तेव्हा तिने पहिला शब्द ‘खरं’ हाच काढला, आणि मला कळलं की ती मधल्या वेळात कुठेच गेली नव्हती, त्या मटाराच्या शेंगांसमोरच बसून होती.

म्हणून तुला कळवलं नाही. तू आला असतास, तिचा तो एक शब्द ऐकला असतास आणि माझ्याकडे बघितलं असतंस. मी भित्रा आहे. आधी घरातल्या घरात निस्तरावं असं वाटलं. नवीन आणून तिच्या मांडीवर ठेवलं, म्हणालो, हे बघ, हे खरं. तिने कोपराने ढकललं. दहा दिवस रोज ठेवलं, दहा दिवस तिने ढकललं. मग अकरा दिवसांपूर्वी, दुपारी, मदतीची बाई जेवायला गेलेली असताना, मी तिला सगळं सांगितलं. गोधड्या, दुकान, मशीन, वाकवलेली काडी, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत होती, मधे एकदाही ‘खरं’ म्हणाली नाही. संपल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘खरं?’ नीट विचारलं, शेवटाला आवाज वर नेऊन, जसं स्विचबोर्डवर नाव पक्कं करून घ्यायची. मी मान हलवली. तिने तोंड भिंतीकडे केलं.

तेव्हापासून तो शब्दसुद्धा नाही. पाण्याला नाही, उशीला नाही, मला शिवी म्हणूनही नाही. चमचा लावला की ओठ मिटते. मॅडमनी शुक्रवारी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, काका, पहिले सहा महिने ओल्या सिमेंटसारखे असतात, त्यात जे उमटेल ते उमटेल. काकूंनी प्रयत्नच सोडलाय, असं का झालं, घरात काही घडलं का? मी म्हणालो, मला काय कळतं त्यातलं. बघ, तेच वाक्य माझ्या तोंडून पुन्हा आलं. डावऱ्या, मी तिच्याकडे उरलेला एक शब्दही काढून घेतला. मला काही सुचत नाही. मी तिच्यासमोर कान धरले, त्या मशीनची वायर उपटली, मग कपडे साठले म्हणून परत लावली. मी तिचे पाय दाबतो, ती पाय ओढून घेते. खिळ्याखाली खुर्ची ठेवून मी दिवसभर दोन्ही युकुलेले तपासत बसतो, कारण दुसरं मला काही येत नाही, आणि ती भिंत तपासते.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर मीच देतो, तुझा वेळ नको घ्यायला. नावाचं घ्यावं. सूर टिकतो म्हणून नव्हे, तो थोडाफार तुझ्यासारखा माणूस खुंट्या बदलूनही टिकवेल. पण त्या मुलीने मला एक चिठ्ठी दिली, काही बिघडलं तर या पत्त्यावर लिहा, उत्तर देऊ. नाव लावणं म्हणजे विचारायला आलेल्याला उत्तर देणं, हे मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं आणि माझं मला सुचलं नाही. तुझ्या आईने ते उत्तर चार वर्षं दिलं, न केलेल्या चुकीचं. मी नाव चिकटवलं आणि पेपर वाचत बसलो. तू ये. माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस, मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेईन, तुला तोंड दाखवणार नाही. आलास की तिच्या डाव्या हाताला बस, उजवी बाजू तिला नीट उमगत नाही. वाद्य हातात नाही घेतलंस तरी चालेल. नवीन घेतलंस तर सांगून ठेवतो, त्यातलं लेबल कंपनीनेच लावलंय, तुला ते उलटं दिसेल. मी कितीही वेळा सांगितलं तरी उपयोग नाही, ज्याला सांगायचं म्हणून तिने तो शब्द जपून ठेवला होता तो मी नव्हे. तेव्हा तूच तिच्या कानाशी जा, आणि जन्मभर ती ज्या शब्दांनी हरत आली ते शब्द तुझ्या तोंडून एकदा तिला परत दे. एवढंच म्हण, आई, तुझंच खरं.

तुझाच,
बाबा